विक्रम दोघांचा, आठवण मात्र एकाचीच

मा. संपादक, स. न.

इंजिनाविना उंच उडण्याच्या विक्रमाचा विषय निघाला की अमेरिकी साहसवीर स्टीव्ह फॉसेट यांचेच नाव पुढे येते. ऑगस्ट २००६ मध्ये अर्जेंटिनातील एल कालाफाते येथून उडून १५,४६० मीटर गाठणाऱ्या ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, दोघे होते: फॉसेट आणि आइनार एनेव्होल्डसन. पैसा फॉसेट यांचा होता, कल्पना आणि चौदा वर्षांचा पाठपुरावा एनेव्होल्डसन यांचा. नासाचे हे माजी चाचणी वैमानिक २०२१ मध्ये गेले. त्यांची नीट दखल घेतली गेली नाही, याची खंत वाटते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात घारी गिरक्या घेत चढतात ती तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा. काही किलोमीटरवर तिचा जोर संपतो. हा विक्रम झाला तो पर्वतीय लहरीवर, म्हणजे डोंगररांगेमागे हवेत उठणाऱ्या लाटेवर. तिचे गणितच वेगळे. वारा डोंगररांगेला जवळपास काटकोनात हवा, माथ्यावर निदान ताशी ४० किमी आणि वर जाईल तसा वाढता. शिवाय हवेचा थर स्थिर हवा. मग रांग ओलांडलेली हवा खाली येते, उसळते आणि पुढे वर-खाली हेलकावत राहते. वैमानिक वाऱ्याकडे नाक ठेवून चढत्या पट्ट्यातच टिकून राहतो. मागे सरकला की उतरत्या हवेत सापडतो. या लहरीखालच्या भोवऱ्यात ग्लायडरला वर ओढून नेणाऱ्या विमानाचा दोर ढिला पडतो आणि पुढच्या झटक्याला तुटू शकतो.

एरवी या लहरी फार वर पोहोचत नाहीत. हिवाळ्यात ध्रुवाभोवतीचा वारा स्थितांबरातही, म्हणजे ढगांच्या थरावरच्या स्थिर हवेतही, उंचीबरोबर वाढतो, तेव्हा त्या पोहोचतात. एनेव्होल्डसन यांनी १९९२ मध्ये जर्मनीत लेसरने टिपलेल्या लहरींच्या नोंदी पाहिल्या आणि तिथून वर चढण्याची वाट हेरली. म्हणूनच दक्षिण अर्जेंटिनातला पॅटागोनिया, आणि म्हणूनच तिकडच्या हिवाळ्याचे ऑगस्ट-सप्टेंबर.

धोके बारीक असतात. १५ किमीवर हवा इतकी विरळ की वेगमापक ताशी १०० दाखवतो तेव्हा खरा वेग अडीचशेच्या घरात असतो. पंख फडफडून मोडण्याची भीती या खऱ्या वेगाची. १२ किमीच्या वर शुद्ध प्राणवायूही नुसता पुरत नाही, कारण कमी पडतो तो दाब. फॉसेट आणि एनेव्होल्डसन यांच्या ग्लायडरची केबिन दाबबंद नव्हती, म्हणून दोघांनी दाबपोशाख घातले होते. वर हे पोशाख इतके फुगले की नियंत्रणे हलवायला जागा उरेना. चढाई तिथेच थांबवावी लागली. वेळीच थांबणे हेही कौशल्यच.

याच प्रकल्पाच्या पुढच्या ग्लायडरला, ‘पेर्लान २’ला, म्हणूनच दाबबंद केबिन दिली गेली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये जिम पेन व टिम गार्डनर यांनी त्यातून २२ किमीची उंची ओलांडली.

अशा विक्रमांविषयी छापताना दोन्ही वैमानिकांची नावे द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर