पाठांतराला मार्क, प्रश्नाला का नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुजरातच्या शाळांत सहावी ते बारावीपर्यंत गीतेचा समावेश करण्याचा निर्णय २०२२ साली जाहीर झाला. बडोद्यात आता श्लोकपठणाच्या स्पर्धाही होताना दिसतात. गीतेला माझा विरोध नाही, आमच्या घरात ती रोज वाचली जाते. तक्रार आहे ती शिकवण्याच्या तऱ्हेबद्दल.

माझ्या सातवीतल्या नातीला शाळेने पाचवा अध्याय पाठ करायला दिला. ‘नादत्ते कस्यचित्पापं न चैव सुकृतं विभुः’ हा पंधरावा श्लोक ती खणखणीत म्हणते. अर्थ विचारला तर म्हणाली, ‘आजोबा, अर्थाला मार्क नाहीत.’ अर्थ असा की परमेश्वर कुणाचे पापही घेत नाही आणि पुण्यही घेत नाही. आणि त्याच वर्गात गृहपाठ अपुरा राहिला की ‘पाप लागेल, देव बघतोय’ असा दम मिळतो! (छडी गेली, तिच्या जागी देवाला आणून बसवला.) श्लोकाची आणि दमाची गाठ घालून द्यायला मात्र कुणाला सवड नाही.

धाकाने वर्ग गप्प बसतो, हे मास्तरकी केल्यामुळे मलाही ठाऊक आहे. पण धाकातले मूल खोटे बोलायचे सोडत नाही, सापडायचे कसे नाही तेवढे शिकते. चोरी वाईट का, तर देवाला आवडत नाही म्हणून. मग देवाला का आवडत नाही, ती वाईट म्हणून? अशाच जातीचा पेच प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातला, त्याला चोवीसशे वर्षे होत आली. नववीच्या वर्गात टाकून बघा, मुले मधली सुट्टी विसरतील.

हे पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून झटकता येणार नाही. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून, असे चक्क सूत्र आहे. वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे मीमांसक वेद प्रमाण मानतात, पण जगाला कर्ता हवाच असे त्यांना वाटत नाही. दूर कशाला, आपल्याच बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत १९२६ साली बौद्ध पंडित शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ निघाला. त्यात ‘ईश्वरपरीक्षा’ नावाचे प्रकरणच आहे, जगत्कर्ता मानणाऱ्यांवरचे बौद्धांचे आक्षेप एकामागून एक. १९४० मध्ये याच मालेत जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ आला. हा पठ्ठ्या देव सोडाच, डोळ्यांना दिसते तेही प्रमाण म्हणून टिकू देत नाही. त्याची ताडपत्रावरची पोथी पाटणच्या जैन भांडारात सांभाळली गेली होती, आणि ती छापली बडोदे संस्थानाने. आमची मुले कमाटीबागेत सहलीला जातात, पण ही नावे त्यांच्या कानावरूनही गेलेली नसतात.

पाठांतर खुशाल राहू द्या. पण निम्मे मार्क मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना ठेवा, आणि सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडायची आपल्याच शास्त्रकारांची शिस्त वर्गात आणा. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसतानाही माणूस पाप करतो ते कुणाच्या जोरावर? निदान या एका प्रश्नावर मुलांना तासभर भांडू द्यावे आणि श्रीकृष्णाचे उत्तर फळ्यावर दुसऱ्या दिवशी लिहावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
दांडिया बाजार, बडोदे