कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मामांना, पाईपच्या एका तुकड्याबद्दल

मामा, नमस्कार.

परवा दुकानी येऊन गेले. तुम्ही ट्रकखाली होता. तिथूनच हात हलवलात, "पोचलासा न्हवं सुखरूप? मग झालं!" म्हणालात आणि पुन्हा आत. पैसे तुम्ही घेत नाही, पेढे पोरांना वाटून टाकता. म्हणून आता चार लोकांदेखत लिहिते. कुणीतरी वाचून दाखवेलच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही दोघी बहिणी, मी ५८ वर्षांची, ती ५४ वर्षांची. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध ॲलिस स्प्रिंग्ज गाव आहे. तिथून पश्चिमेला लाल डोंगरांची रांग, रांगेत नद्यांनी कापलेल्या घळी आणि घळींच्या तळाशी पाण्याचे डोह. स्वतः गाडी चालवत तिथं जायचं, एवढाच आमचा हट्ट. पहिल्या प्रवासी कंपनीतल्या मुलानं मान वर न करता विचारलं, "सोबत जेन्ट्स कोण?" कुणी नाही म्हटल्यावर त्यानं दुबईचं पत्रक पुढं सरकवलं. दुसऱ्यांनी ॲडव्हान्स घेतला आणि महिनाभर फोन उचलला नाही. आणि वीस वर्षांपूर्वी मला गाडी शिकवणारे गृहस्थ तर म्हणाले होते, "पंक्चर झालं तर कुणीतरी थांबतंच की, मॅडम."

तुमच्याकडं मी आले ती नुसती हवा भरायला. बोलता बोलता वाळवंटाचं निघालं. तुम्ही हसला नाहीत. "तितं कोन थांबनार? चला, चाक खोला," एवढंच म्हणालात. तीन रविवार! "आधी नट ढिलं करायचं, मग जॅक लावायचा. उलटं केलासा तर चाकच फिरत बसंल." पहिल्या रविवारी माझी त्रेधा बघायला सात-आठ जण जमले. एक पोरगा पाना घ्यायला पुढं आला, तर तुम्ही डाफरलात, "ए, सर तिकडं. त्यांचं त्यांना करू दे." आणि स्वतः डबा उपडा घालून, माझ्याकडं पाठ करून बसलात, चहा पीत.

आपल्याकडं मदतीला धावणारे पुष्कळ. पण बहुतेकांची मदत "सरका, मी करतो" अशी असते. काम होतं, पण आपण होतो तिथंच राहतो. हातातलं काम हातातच राहू देणारा माणूस मला क्वचित भेटला आहे.

शेवटच्या रविवारी तुम्ही माझ्या बॅगेची लांबी विचारलीत आणि तेवढाच पाईप कापून दिलात, पान्याला चढवून जोर लावायला. रॉकेलनं धुऊन, पुसून. धरायच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. माझ्या अंगठ्याचं हाड दुखतं हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. तुम्ही पाठ करून बसायचात, मग ते बघितलंत कधी?

त्या देशात बाहेरची माती चालत नाही. विमानतळावर बाईंनी पाईप उलटसुलट केला, आतून उजेड बघितला आणि परत दिला. तुमच्या रॉकेलचा विजय.

चौथ्या दिवशी सकाळी रेडबँक घळीकडच्या कच्च्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. जुलै म्हणजे तिथला हिवाळा, पाना नुसता बर्फ. मोबाईलला रेंज नाही. भाड्याच्या गाडीच्या काचेवर 'चोवीस तास मदत' असा नंबर मात्र सुंदर अक्षरात छापलेला. मी पुढच्या चाकाला दगड लावले. नट मशीननं आवळलेले, जाम हलेनात. मग पाईप चढवला, ट्यूब धरली आणि सगळं वजन टाकलं. टक्क! बहीण शिट्टी वाजवते हे मला त्या दिवशी कळलं. स्टेपनी बसवली, नट समोरासमोरचे आवळले. पाऊण तास लागला. तेवढ्यात एकही गाडी आली नाही, मामा.

दुपारी ऑर्मिस्टन घळीतल्या डोहाकाठी काळे हात धूत बसलो. ॲलिसपासून १३५ किलोमीटर. आम्ही पुराच्या गावची माणसं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला आलं की इशारा आणि ४३ला धोका हे पोरांनाही पाठ. तिथं नदी म्हणजे कोरडी वाळू. पाऊस झाला तरच वाहते, आणि एरवी मासे असे डोह धरून राहतात. मागं लाल कडा, पांढऱ्याशुभ्र खोडाची झाडं. हीच झाडं जलरंगात रंगवणाऱ्या अल्बर्ट नामाजीराचं नाव तिथल्या रस्त्याला दिलंय. आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान, त्यांना घेऊन यावं नि इथं बसवावं, असं उगाच वाटून गेलं. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली, पण अंगठा दुखत नव्हता.

मामा, पाईप परत मिळणार नाही. माझ्या गाडीत मागच्या सीटखाली आहे.

येत्या रविवारी येते. मागच्या चाकाची हवा उतरतेय. खोलते मी, तुम्ही डबा घालून बसा. चहा माझ्याकडून, तेवढा तरी घ्या.

तुमची,
तीन रविवारची हेल्पर