फादर हेरिंग यांची आठवण

महोदय,

३ जुलै हा फादर बर्नार्ड हेरिंग यांचा स्मृतिदिन. दरवर्षी तो गुपचूप सरतो, याचं फार वाईट वाटतं. रोमच्या अल्फॉन्सियन अकादमीत नीतिशास्त्र शिकवणारा हा जर्मन धर्मगुरू. कॅथलिक नीतिशास्त्र म्हणजे कन्फेशनसाठी पापांची मोजदाद, ही समजूत त्यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात बाजूला सारली आणि ख्रिस्ताच्या प्रेमाला दिलेला प्रतिसाद मध्यभागी आणला. महायुद्धात ते जर्मन सैन्यात रुग्णसेवक होते. आंधळ्या आज्ञापालनाचं भयंकर रूप त्यांनी तिथेच पाहिलं.

मी वसईची, कॅन्सर वॉर्डातली निवृत्त परिचारिका. स्वरयंत्र काढलेले रुग्ण गळ्याच्या छिद्राशी रुमाल धरून पाटीवर ‘पाणी’ लिहायचे. हवा गिळून, ढेकरेसारखी वर आणून पहिला शब्द काढायला कित्येकांना महिने लागायचे. हेरिंग यांचंही स्वरयंत्र घशाच्या कर्करोगात गेलं. तरी ते पुन्हा बोलायला शिकले आणि व्याख्यानं देत राहिले. कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणाऱ्या पोपच्या ‘ह्युमने व्हिटे’ या पत्रकावरचा मतभेदही त्यांनी कधी लपवला नाही.

आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर एक सविस्तर लेख यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसई