डिस्चार्ज कार्डावर कूस बदलण्याची वेळही लिहा

संपादक महोदय,

खुब्याचे हाड मोडून किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला घरी सोडताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या असतात, पुढची तारीख असते. कूस किती वेळाने बदलायची, हे नसते. मग महिनाभरात माकडहाडावर जखम होते आणि 'वयच झालंय' म्हणून सगळे गप्प बसतात. बेडसोर वयाने होत नाही, एकाच जागी दाब राहिल्याने होतो.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, रात्रीसुद्धा. पाठीमागे उशी देऊन 30 अंश कलते ठेवावे, पूर्ण कुशीवर नको. पोटरीखाली उशी अशी द्यावी, की टाच अधांतरी राहील. वर सरकवताना काखेत धरून ओढू नये; कातडी चादरीला धरून राहते आणि आतले मांस सोलवटते. दोघांनी आडव्या चादरीसकट उचलावे. एअर मॅट्रेस आणली की कूस बदलायची सुट्टी, हा समज फार महागात पडतो. शिवाय कित्येक घरांत तिची नळी दुमडलेली असते! माकडहाडाच्या खाली, गादीखालून हात घालून पाहावा; हाताला हाड लागले तर हवा कमी आहे.

लाल डागावर बोट दाबून सोडावे. पांढरा पडला तर अजून वेळ आहे, लालच राहिला तर बेडसोर सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा आणि कडकपणा चाचपावा. त्यावर मालिश करू नये, मध्ये भोक असलेली गोल उशीही देऊ नये.

नाकातल्या नळीने भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोके उंच हवे, नाहीतर अन्न फुप्फुसात जाते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी.

दुसरी बाब बोलायला अवघड: घरात होणारा वृद्धांचा छळ. दंडावर बोटांचे वळ, दिवसभर गुंगी, झोपेच्या गोळ्यांचे पान वेळेआधी संपणे, पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा. हे दिसले तर सिस्टरने रुग्णाशी एकटीने बोलावे. नातेवाईक किंवा ब्युरोकडून देखभालीला ठेवलेली मावशी समोर असताना कोण तोंड उघडणार? सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना कळवावे. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळायची जबाबदारी असलेल्याने वृद्धाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. निर्वाहाचा अर्ज प्रांत कार्यालयात करता येतो. 14567 ही हेल्पलाइनही आहे.

आरोग्य विभागाकडे मागणी एवढीच: घरी सोडण्याआधी जो सांभाळणार आहे त्याच्याकडून वॉर्डातच एकदा कूस बदलून घ्यावी, नळीने भरवून घ्यावे आणि तसा शेरा कार्डावर मारावा. सून सांभाळणार असताना मुलाला शिकवून उपयोग नाही.

– एक परिचारिका, मिरज