अंदमानचा सूर्य परभणीच्या वेळेवर उगवत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अंदमानच्या जंगलवाटांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेने, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. लेखकमहाशयांची भाषा गोड आहे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते एका वाक्याबद्दल. हॉटेलात निवांत नाश्ता उरकून साडेआठला चिडिया टापूकडे पक्षी पाहायला निघावे म्हणे! निघावे की, कोण अडवतो? झाडे जागेवरच असतात.

मी एसटीत ३१ वर्षे काढली, त्यातली शेवटची ११ वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी सुटून गेल्यावर पाऊण तासाने फलाटावर यायचे आणि 'गाडी कुठंय?' म्हणून आमच्याशीच भांडायचे, असे प्रवासी रोज पाहिले. साडेआठला अंदमानात पक्षी पाहायला निघणारा माणूस त्यांच्यातलाच.

हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. भारताची घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली. परभणी ७७ अंशांच्या जरा अलीकडे, अंदमान ९३ च्या आसपास. मधले अंतर १६ अंशांचे, एका अंशाला ४ मिनिटे, झाली ६४ मिनिटे. त्यात हिवाळ्यात दक्षिणेकडे दिवस लवकर उजाडतो तो वेगळाच. संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य वर यायला सात वाजतात, तिथे पावणेसहालाच ऊन पडते आणि संध्याकाळी सव्वापाचला दिवस मावळतो. तिथले साडेआठ म्हणजे आपले पावणेदहा. पावणेदहाला आमच्या गोदाकाठीसुद्धा कावळे नि बगळेच राहतात.

हे ज्ञान मला पैसे मोजून मिळाले आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांत झाल्यावर आम्ही दोघे एका प्रवासी कंपनीबरोबर गेलो. पत्रकावर ठळक अक्षरांत 'मार्गदर्शकासह निसर्गभ्रमण' छापले होते, त्यासाठीच कंपनी ठरवली. आठला नाश्ता, साडेआठला बस. एका ताईंचा चार्जर खोलीत राहिला म्हणून नऊ झाले. पोर्ट ब्लेअर शहरापासून चिडिया टापू २५ किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा. उतरलो तेव्हा दहा वाजले होते आणि पाठ भाजत होती. माणसे ३८, मार्गदर्शक एक. कंपनीची टोपी घातलेला पोरगा, नजर मोबाइलात. कानावर येत होती ती फक्त किड्यांची किर्रर्र. मध्येच तो बोट करून 'ऊपर देखो, ऊपर देखो' म्हणायचा. ३८ माना वळेपर्यंत तिथे नुसती फांदी हलत असायची.

सेलूच्या एका गृहस्थांनी विचारले, "इथं वाघ हाय का हो?" पोरगा म्हणाला, "है सर, अंदर है." संपादक महाशय, अंदमानच्या जंगलात वाघ नाही, बिबट्याही नाही. चितळसुद्धा इंग्रजांनी मुख्य भूमीवरून नेऊन सोडलेले. त्याच दिवशी दुपारी रॉस बेटावर (आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) तेच चितळ बिस्किटांसाठी बायकांच्या पिशव्या हुंगत होते, आणि कंपनीच्या लेखी ते आमचे 'वन्यजीव दर्शन'. तिथे मोरही आहेत. मोरासाठी समुद्र ओलांडायचा होता, तर पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य काय वाईट होते?

शेवटच्या दिवशी मी चिडलो आणि कुणाला न सांगता पावणेपाचला उठलो. हॉटेलचा रात्रपाळीचा पहारेकरी शेकोटीशिवाय बसला होता, हेच मला नवल. त्याचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामावर आलेले. मी पाखरांचे विचारताच तो हसला, "बाबूजी, आप लोग तो दस बजे जाते हो." मग कुंपणाशी नेऊन मला उभे केले. पंधरा मिनिटांत पोपटांचा थवा डोक्यावरून गेला, पांढऱ्या डोक्याच्या चार मैना तारेवर येऊन बसल्या आणि कुंपणाच्या झुडपातून भारद्वाज निघाला. आपल्यासारखा काळा नव्हे. पंख तांबूस, पण अंग फिक्या तपकिरी रंगाचे, जसे काही धुऊन धुऊन विटलेले. मी धावत जाऊन मंडळींना उठवून आणले. त्यांनी हात जोडले आणि मग हळूच विचारले, "अहो, काळा नाही तर याचं दर्शन चालतं का?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पहारेकऱ्याने आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. 'मार्गदर्शकासह'चे पैसे कंपनीने माणशी वेगळे लावले होते.

आता लेखासोबतच्या फोटोबद्दल. खाली छापले आहे 'अंदमानचा धनेश'. भली मोठी नारिंगी चोच, पांढरा गळा. तो टूकन आहे हो, दक्षिण अमेरिकेतला! अंदमानचा धनेश राहतो एकट्या नारकोंडम बेटावर. ते बेट सातेक चौरस किलोमीटरचे आणि जगात दुसरीकडे कुठेही तो रानात सापडत नाही. नराची मान तांबूस, मादी काळी. आमच्यासारख्या सहलीवाल्यांच्या वाटेत ते बेट येतही नाही. लेख वाचून कुणी चिडिया टापूला टूकन शोधत बसला, तर त्याच्या तिकिटाचे पैसे पुरवणी विभाग देणार आहे का?

शिवाय लेखात पोर्ट ब्लेअर आणि श्री विजयपुरम ही दोन गावे असल्यासारखी आली आहेत. सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम हे पोर्ट ब्लेअरचेच नवे नाव आहे. आमच्या मराठवाड्यात दोन जिल्ह्यांची नावे बदलली, त्यामुळे आम्हाला याची सवय आहे. आपल्याला दिसत नाही.

लेखकमहाशयांनी नाथसागरावरही एकदा लिहावे. जायकवाडीला हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, आणि तिथे निदान घड्याळ तरी आपलेच चालते. फक्त नाश्ता सोबत बांधून घ्यावा.

आणि पत्र लिहितोच आहे म्हणून: गेल्या बुधवारच्या शब्दकोड्याचे उत्तर गुरुवारी छापले नव्हते, शुक्रवारीही नाही. आडवे १४ अजून अडलेले आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
गंगाखेड, जि. परभणी