गोळी, उंदीर आणि बाटलीवरचं लेबल

आई, बाबा,

परवा फोनवर बाबांनी मध्येच विचारलं ना, की तू स्वतः कधी घेतलीस का गं ती गोळी, आणि मी हसण्यावारी नेलं, मग रात्रभर डोक्यात तेच. नाही घेतली बाबा. आणि आई, तुझं ते "ड्रग्जवर काम म्हणजे नक्की करतेस काय", ते फोनवर सांगायला जमत नाही म्हणून लिहितेय.

गोळी म्हणजे एमडीएमए, पार्टीवाले एक्स्टसी म्हणतात. आजकालचं फॅड नाही हं, 1912 मध्येच मर्क नावाच्या जर्मन कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला होता. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं मूडशी संबंधित रसायन जरा जरा सोडतात आणि काम झालं की परत आत ओढून घेतात. ही गोळी ते ओढणारे पंपच उलटे फिरवते, मग साठा भडाभडा बाहेर येतो, सगळं जग आपलं वाटायला लागतं.

मी मात्र बघते ते अंगातला ताप. उंदराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी तापमान मोजणारी चिप असते, मी बाहेर बसून दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहिते, एवढंच काम, कंटाळवाणं आहे खरं तर. पण गंमत बघा, तोच डोस, खोली 20-22 डिग्री असली तर उंदराचं अंग उलट गार पडतं आणि खोली 28-30 केली की आकडा चढत जातो, 38.6, 39.2, चढतोच. आता माणूस आठवा, बंद हॉल, गर्दी, तासन् तास नाच. माणसं यात जातात ती बऱ्याचदा अशी तापून. आणि तापलं म्हणून ढसाढसा पाणी प्यावं तर तेही अंगाशी येतं, कारण गोळीमुळे किडनी पाणी धरून ठेवते, रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते. शिवाय लिव्हरमधलं जे एन्झाइम तिला निकाली काढतं त्यालाच ती अडवते, म्हणून दुसरी गोळी घेतली की रक्तातलं प्रमाण अंदाजापेक्षा जास्त चढतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून गोळ्यांची स्ट्रिप डोळ्यांजवळ नेऊन नाव मोठ्याने वाचता आणि आम्ही हसतो, आठवतंय? 2002 मध्ये 'सायन्स' नावाच्या संशोधन मासिकात एक पेपर आला होता, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रिकॉर्टे यांच्या टीमचा, की एका रात्रीत लोक घेतात तेवढ्या एमडीएमएनेही माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन हे दुसरं रसायन सोडणाऱ्या पेशी खलास होतात, पार्किन्सनचा धोका वगैरे. जगभर बोंबाबोंब झाली. पुढच्या वर्षी त्यांनीच तो मागे घेतला, का तर बाटल्यांवरची लेबलं बदलली गेली होती, जवळजवळ सगळ्या माकडांना दिलं होतं ते मेथअँफेटामाइन, म्हणजे वेगळंच ड्रग! म्हणजे गोळी निरुपद्रवी ठरली असं नाही, पण तो पुरावा गेला. तेव्हापासून सरकारच्या ड्रगविरोधी धोरणाशी वाकडं असलेले लोक आमच्या कुठल्याही निकालाला ही बाटली दाखवतात, आणि त्यांचं पूर्ण चुकतं असंही म्हणवत नाही. मी रोज सकाळी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचते आता, बाजूचा मुलगा हसतो.

आई, मावशीने विचारलं तर उंदरांचा ताप मोजते म्हणून सांग, खोटं नाही होत ते. बाबांना बीपीची गोळी संपायच्या आधी आणायला सांग, रविवारी फोन करते.

तुमची,
धाकटी