आयरिश धून वाजवण्याआधी तिचे गाणे शिका

संपादक महोदय,

नागपुरातल्या फ्यूजनच्या कार्यक्रमांत हल्ली बासरीवर, कीबोर्डवर आयरिश पाइप्सच्या संथ धुना ऐकू येतात, याचा आनंद आहे. पण नोटेशन समोर ठेवून त्या तबल्याच्या ठेक्यात बसवल्या जातात आणि तिथेच त्यांचा जीव जातो.

या धुनांमागे आयरिश भाषेतली गाणी आहेत; साथीशिवाय, तालाबाहेर, एकट्या गळ्याने म्हटलेली. कुठला सूर लांबवायचा हे शब्द ठरवतात. 'अन बुअखल क्वील डुव' घ्या. नावाचा अर्थ सडपातळ काळासावळा मुलगा. नुसती सुरावट ऐकणाऱ्याला ते प्रेमगीत वाटते. गाण्यात मात्र तो मुलगा म्हणजे दारू आहे, पाठ न सोडणारी. हे ठाऊक असलेला वादक त्यात लाडिक मुरक्या घालणार नाही.

आयर्लंडची इलन पाइप्स आपल्याकडे संचलनात दिसणाऱ्या बॅगपाइपहून वेगळी. वादक बसून वाजवतो. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, तोंडाने फुंकणे नाही. सुरावटीची नळी म्हणजे चँटर, ती दोन सप्तके देते. शिवाय तीन ड्रोन, म्हणजे एकच सूर सतत धरून ठेवणाऱ्या नळ्या, आणि साथीचे सूर देणारे, मनगटाने दाबायच्या चाव्यांचे तीन रेग्युलेटर. संचलनातल्या पाइपचा आवाज मध्येच तोडता येत नाही. इथे छिद्रे झाकून चँटरचे टोक मांडीवरच्या चामड्यावर टेकवले की सूर थांबतो, ड्रोन चालू राहतात. गायकाचा ओळीअखेरचा श्वास वादक असा दाखवतो. शब्द माहीत नसतील तर हा श्वास भलतीकडे पडतो आणि शब्दाचे दोन तुकडे होतात. गायकी अंगाने सतार ऐकलेल्या नागपूरकरांना हे वेगळे समजावायला नको.

म्हणून आधी जुन्या गायकाचे विनासाथ ध्वनिमुद्रण शोधावे. शब्द देवनागरीत उतरवून खाली अर्थ लिहावा, श्वासाच्या जागी खूण करावी, पाठ होईपर्यंत गुणगुणावे. बासरी त्यानंतर. तानपुरा लावायचा तर पंचमाची तारही षड्जाला उतरवावी, कारण पाइप्सचे तिन्ही ड्रोन एकाच सुराच्या तीन सप्तकांत असतात आणि धून दुसऱ्या सुरावर विसावली तरी ते बदलत नाहीत.

कोणी खरी पाइप्स इथे आणलीच, तर तिची रीड सनईच्या पत्तीसारखी जिभेने ओली करू नये. भात्याच्या कोरड्या हवेवर चालण्यासाठीच ती घडवलेली असते. मात्र मे महिन्यातली आपली हवा तिलाही फार कोरडी. एसीच्या खोलीत सूर हटकून हलतो. पाइप्स ठेवायच्या पेटीत ओलसर स्पंज ठेवावा, रीडला न टेकता.

शब्द हरवण्याचे दुखणे जुने आहे. १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला, तेव्हा धुना टिपण्याचे काम १९ वर्षांच्या एडवर्ड बंटिंगकडे होते. धुना मिळाल्या, शब्द निसटले. १८०२ मध्ये शब्द गोळा करायला पॅट्रिक लिंच यांना पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनॉट प्रांतात पाठवावे लागले. पुढे शेमस एनिस यांनी, स्वतः अव्वल पाइप्सवादक असून, १९४२ ते १९४७ या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगासाठी गावोगाव हिंडून गाणी शब्दांसकट टिपली. त्यामुळे आज मूळ गाणे शोधणे अवघड नाही.

आयोजकांना विनंती, कार्यक्रमपत्रिकेत 'पारंपरिक आयरिश धून' एवढेच छापू नये. गाण्याचे नाव आणि दोन ओळींचा अर्थ द्यावा, आणि वादनाआधी निवेदकाने तो वाचून दाखवावा.

— एक संगीतप्रेमी, धरमपेठ, नागपूर